ओळख आणि तोल : पिकांच्या प्रतिकारक्षमतेचा आढावा

हिंगोली जिल्ह्यात, विशेषतः वसमत-कळमनुरी भागात, हळदीची लागवड मे-जूनमध्ये होते आणि भर पावसात, ऑगस्टपासून पुढे, कंदकुजीची धास्ती सुरू होते. आधी खालच्या पानांच्या कडा पिवळ्या पडतात, मग पान वाळत जाते. खोडाचा जमिनीलगतचा भाग मऊ, पाणथळ होतो. झाड धरून हलके ओढले तर खोड गड्ड्यापासून सहज सुटते आणि खालचा कंद तपकिरी, लिबलिबीत, दुर्गंधी सुटलेला दिसतो. त्याच वाफ्यात दोन हातांवरचे झाड मात्र हिरवेगार उभे असते. दोन्ही झाडे एकाच बेण्याची, म्हणजे दोघांची जनुके सारखीच; तरी एक वाचते आणि एक जाते. तुरीच्या शेतात याच्या उलट चित्र दिसते. एका शेतात जुना वाण मर रोगाने उभाच्या उभा वाळतो आणि बांधापलीकडच्या शेतात, तशाच काळ्या जमिनीत, 'बीएसएमआर ७३६' शेंगांनी लगडलेला असतो. तिथे परिस्थिती सारखी आणि जनुके वेगळी. पीक रोगापासून स्वतःला कसे वाचवते, या प्रश्नाचे दोन्ही पैलू या दोन दृश्यांत आले आहेत. गेल्या पन्नास-साठ वर्षांतल्या संशोधनाने त्यांचा उलगडा बराच केला आहे. त्यातून निघणारे माझे म्हणणे थोडक्यात असे : पिकाची प्रतिकारक्षमता दोन गोष्टींवर उभी असते, शत्रूची ओळख आणि खर्चाचा तोल. ओळख बियाण्यात असते, तोल मुळाशी सांभाळला जातो. या दोन्हींकडे दुर्लक्ष करून केवळ 'प्रतिकारशक्ती वाढवणे' हे उद्दिष्ट धरले, तर शेतकऱ्याचा पैसा जातो आणि रोग तिथेच राहतो.

माणसाच्या शरीरात रोगजंतूंचा पाठलाग करणाऱ्या पेशी रक्तातून फिरतात आणि एकदा भेटलेल्या जंतूची आठवण ठेवून प्रतिपिंडे तयार करतात. झाडाकडे यातले काहीच नाही. त्याच्या पेशी जागच्या हलत नाहीत, म्हणून पानातल्या, मुळातल्या प्रत्येक पेशीला आपला शत्रू आपणच ओळखावा लागतो. त्यासाठी पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर ग्राही प्रथिने बसवलेली असतात. गावाच्या वेशीवरचा जागल्या येणाऱ्याचे नाव-गाव जाणत नसला, तरी चालीवरून आणि पेहरावावरून परका माणूस ताडतो. या ग्राहींचे काम तसेच चालते. जिवाणूला पोहायला शेपूट लागते आणि ते एका ठरावीक प्रथिनाचे बनलेले असते. बुरशीच्या भिंतीत कायटिन असते. जिवाणू किंवा बुरशी हे भाग सहजी टाकून देऊ शकत नाहीत, म्हणून झाडाने ओळखीसाठी नेमके हेच भाग निवडले आहेत. जिवाणूच्या शेपटीतला अवघ्या २२ अमिनो आम्लांचा तुकडा ओळखणारा 'एफएलएस-२' हा ग्राही अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीत २००० साली सापडला. भातात कायटिन पकडणारे ग्राही त्यानंतरच्या काही वर्षांत उलगडले. ग्राहीला ओळख पटली की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरते, तिखट ऑक्सिजन-संयुगे तयार होतात, पेशीभिंतीला आतून लेप बसू लागतो आणि पानांवरची रंध्रे मिटतात, कारण जिवाणू बहुतेक वेळा याच दारांनी आत येतात.

मुरलेला रोगकारक मात्र या पहाऱ्याला चुकवायला शिकलेला असतो. तो पेशीच्या आत स्वतःची प्रथिने सोडतो आणि त्यांच्या जोरावर धोक्याची सूचनाच दाबून टाकतो. यावर झाडाचा दुसरा पहारा पेशीच्या आत असतो. त्याचा पहिला सुगावा अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात जवसावरच्या तांबेऱ्याचा अभ्यास करणाऱ्या हॅरॉल्ड फ्लोर यांना १९४०च्या दशकात लागला. वाणातल्या प्रतिकाराच्या एकेका जनुकाला बुरशीतले एकेक जनुक जोडीदार असते, हे त्यांनी संकर करून दाखवले. ही प्रतिकार-जनुके प्रत्यक्ष हाती यायला १९९०चे दशक उजाडले, आणि त्यातली बहुतेक पेशीच्या आतल्या ग्राहींचीच निघाली. २००६ साली जोनाथन जोन्स आणि जेफ्री डँगल यांनी दोन्ही पहाऱ्यांची एकत्र मांडणी केली. आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. २०१९ साली चिनी शास्त्रज्ञांनी 'झार-१' या आतल्या ग्राहीचे रूप अतिसूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शत्रूची चाहूल लागताच त्याचे पाच रेणू एकत्र येऊन चक्र तयार करतात आणि ते चक्र पेशीच्या पडद्यात रुतते. पुढे २०२१ मध्ये दिसले की त्या चक्रातून कॅल्शियम आत वाहते. शेवटी पेशी स्वतः मरते आणि आपल्यासोबत आत शिरलेल्या रोगकारकाचा आसराही नष्ट करते. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. बाहेरचा आणि आतला पहारा एकमेकांना बळ देतात; बाहेरचा काढून टाकला तर आतलाही दुबळा पडतो. म्हणून एखादे प्रतिकार-जनुक आणून वाणात घातले की काम संपले, असे होत नाही. उरलेले झाड धडधाकट असावे लागते.

शत्रू एका पानावर आला, तरी सूचना साऱ्या झाडाला द्यावी लागते आणि किती खर्च करायचा हेही ठरवावे लागते. हे काम संप्रेरके करतात. १९६१ साली फ्रँक रॉस यांनी तंबाखूच्या खालच्या पानांवर केवडा रोगाचा विषाणू सोडला आणि काही दिवसांनी वरची, विषाणू न लागलेली पाने त्याला जास्त दाद देईनाशी झाल्याचे नोंदवले. १९७९ मध्ये रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत अॅस्पिरिन टोचून तसाच परिणाम मिळवला. १९९० साली तंबाखू आणि काकडी या दोन पिकांवरच्या स्वतंत्र प्रयोगांतून दिसले की झाड स्वतःच सॅलिसिलिक आम्ल तयार करते आणि या सूचनेत त्याचा हात असतो. दुसरी वाट जॅस्मोनेटची. पाने कुरतडली की टोमॅटोचे झाड अळीचे पचन बिघडवणारी प्रथिने साऱ्या अंगात तयार करते, हे १९७२ साली ग्रीन आणि रायन यांनी दाखवले. १९९० मध्ये तर असे दिसले की एका रानटी झुडपातून हवेत सुटलेले मिथाइल जॅस्मोनेट शेजारच्या टोमॅटोलाही सावध करते. एरवी 'जॅझ' नावाची प्रथिने बचावाची जनुके दाबून ठेवतात. जॅस्मोनेट आले की ती मोडीत निघतात आणि जनुके मोकळी होतात, हा उलगडा २००७ साली झाला. या वाटेचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मिरचीतल्या अशाच पचनरोधक प्रथिनांचा घाटेअळीवर होणारा परिणाम वर्षानुवर्षे अभ्यासला गेला. हरभऱ्याचे घाटे आणि तुरीच्या शेंगा पोखरणारी हीच अळी. त्या अभ्यासातून हेही पुढे आले की अळी आपले पाचक रस बदलून या प्रथिनांना बगल देऊ शकते.

सर्वसाधारणपणे, जिवंत पेशीवर पोसणाऱ्या रोगकारकांविरुद्ध सॅलिसिलिक आम्लाची वाट उपयोगी पडते. आधी पेशी मारून मग तिच्यावर जगणारे रोगकारक आणि पाने खाणाऱ्या अळ्या यांच्याविरुद्ध जॅस्मोनेट आणि इथिलीन यांची जोडी कामाला येते. या दोन वाटा बऱ्याचदा एकमेकींना दाबतात. याला कारण आहे. जिवंत पेशीवर जगणाऱ्या बुरशीला पेशीच्या मरणाने अटकाव होतो, पण मेलेल्या पेशीवर पोसणाऱ्याला त्याच मरणाने आयते अन्न मिळते. एका शत्रूवरचा इलाज दुसऱ्याला मेजवानी ठरू शकतो. पिकाच्या बाबतीत 'प्रतिकारशक्ती' हा एकच आकडा मानून तो वर नेण्याची भाषा मला म्हणूनच चुकीची वाटते. शत्रू कोण, हे ठरल्याशिवाय काय वाढवायचे हे ठरत नाही. शत्रूंनाही ही गोष्ट पुरती कळलेली आहे. भाताची रोपे अवाजवी उंच, फिकट होऊन मरतात, तो रोग घडवणारी बुरशी झाडाचेच वाढीचे संप्रेरक बनवते. १९२६ साली कुरोसावा यांनी त्या बुरशीच्या द्रवातच हा गुण असल्याचे दाखवले आणि त्यातून पुढे जिबरेलिनांचा शोध लागला. पानांवर ठिपके पाडणारे काही जिवाणू जॅस्मोनेटची हुबेहूब नक्कल करणारे कोरोनाटिन बनवतात, सॅलिसिलिक आम्लाची वाट दाबतात आणि मिटलेली रंध्रे पुन्हा उघडून घेतात. पांढरी माशी रस शोषताना झाडाला सॅलिसिलिक आम्लाच्या वाटेवर ढकलते आणि तिला मारक ठरू शकणारी जॅस्मोनेटची वाट मागे पडते. सोयाबीनवर पिवळा मोझॅक आणणारी हीच माशी.

बचावाला किंमत पडते. शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी अरॅबिडॉप्सिसची दोन प्रकारची झाडे शेतात शेजारी शेजारी वाढवली. फरक फक्त 'आरपीएम-१' या एका प्रतिकार-जनुकाचा. रोग नसताना ते जनुक असलेल्या झाडांना सुमारे ९ टक्के कमी बी आले. २००३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सगळ्याच जनुकांची किंमत इतकी नसते, पण फुकट काही नसते. आतले ग्राही चुकीच्या जोडीने एकत्र आले, तर शत्रू नसतानाच झाड स्वतःच्या पेशी मारू लागते. काही संकरित रोपे लहानपणीच वाळतात त्यामागे हेच कारण असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले. सॅलिसिलिक आम्लाची वाट उघडणारे एक कृत्रिम औषध जर्मनीत गव्हावर फवारले, तेव्हा रोग नसलेल्या झाडांची वाढ आणि दाणे दोन्ही घटले, आणि नत्राचा तुटवडा असलेल्या जमिनीत हा तोटा जास्त दिसला. झाडाने कमावलेली साखर मर्यादित असते. तीच दाण्यात जाते, मुळात जाते आणि बचावातही खर्च होते. संप्रेरकांचे खरे काम या वाटणीचा हिशेब ठेवणे हे आहे.

हे सारे हिंगोलीच्या शिवारात कुठे दिसते, ते पिकागणिक पाहावे लागेल. तुरीपासून सुरुवात करणे योग्य, कारण इथे ओळखीच्या बळावर मिळालेले यश स्पष्ट आहे. मर लागलेल्या तुरीचे खोड उभे चिरले तर आतल्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत काळसर रेघा दिसतात. जमिनीतली फ्युजेरियम बुरशी मुळातून या नळ्यांत चढते. त्या बुजतात त्या केवळ बुरशीने नव्हे. शत्रूची वाट अडवण्यासाठी झाड स्वतःच नळ्यांत डिंक आणि गाठी भरते. प्रतिकारक वाणात हे वेळेवर आणि मुळाजवळच होते. बळी पडणाऱ्या वाणात उशिरा आणि सर्वत्र होते, म्हणून झाड आपल्याच बंधाऱ्याने तहानेले मरते. वांझ रोगात वेगळेच घडते. सूक्ष्म कोळी विषाणू पसरवतो आणि झाड हिरवे, झुडपासारखे राहते. फुले-शेंगा मात्र येत नाहीत. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या बदनापूर केंद्राने रोगग्रस्त भूखंडांत हजारो रोपे पारखून दोन्ही रोगांना तोंड देणारे वाण काढले. 'बीएसएमआर ७३६' आणि 'बीएसएमआर ८५३' ही त्यातली गाजलेली नावे, नंतर लवकर येणारा 'बीडीएन ७११' आला. या पैदाशीच्या वेळी कोणता ग्राही कामाला येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते, तरी निवड अचूक झाली. हरभऱ्यातही 'विजय'सारख्या मर-प्रतिकारक वाणांनी असेच काम केले, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत 'विजय' व सहज बळी पडणारा 'जेजी ६२' यांच्या मुळांची तुलना करून बचावाची कोणती जनुके कधी जागी होतात याचा माग काढला गेला. त्याच हरभऱ्याने एक इशाराही दिला. १९८२ साली हवारे आणि नेने यांनी भारतात मर घडवणाऱ्या बुरशीच्या चार जाती वेगळ्या ओळखल्या. एका जातीला हरवणारा वाण दुसरीपुढे टिकेलच, याची खात्री नसते.

सोयाबीन हे जिल्ह्यातले मोठे खरीप पीक आणि त्याच्या ओळींत तूर घेण्याची जुनी रीत. या जोडीचे जनुकीय नाते २०१६ साली पुढे आले. तुरीच्या एका वाणात सापडलेले 'सीसीआरपीपी-१' हे आतल्या ग्राहीचे जनुक सोयाबीनमध्ये घातले, तेव्हा सोयाबीनने आशियाई तांबेऱ्याला अजिबात दाद दिली नाही. ब्राझीलपासून महाराष्ट्राच्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यापर्यंत ज्या रोगाने सोयाबीनची पाने झडतात, त्याच्याविरुद्धची ओळख तुरीच्या जनुकसंग्रहात होती. त्याच कुळातल्या दुसऱ्या वनस्पतीचे ग्राही कामाला येतात, हे त्यातून सिद्ध झाले. अर्थात असे सोयाबीन अजून आपल्या शेतात नाही, आणि तांबेऱ्याशी महाराष्ट्र आज लढतो तो कसबे डिग्रजला पैदास झालेल्या 'फुले संगम'सारख्या वाणांच्या बळावर. मराठवाड्यातल्या सोयाबीनला पिवळ्या मोझॅकचा धोका मोठा आहे. तिथे विषाणूची ओळख आणि माशीविरुद्धची जॅस्मोनेटची वाट दोन्ही सांभाळाव्या लागतात. नुसत्या कीटकनाशकाच्या फवाऱ्यांवर भिस्त ठेवून हा रोग आटोक्यात येत नाही.

आता हळद. कंदकुजीमागे मुख्यतः पिथियम हा जीव असतो. शेतकरी त्याला बुरशी म्हणतात, पण तो खऱ्या बुरशीच्या कुळातला नाही. त्याच्या भिंतीत कायटिन जवळजवळ नसते, म्हणून कायटिन ओळखणारे ग्राही त्याच्यापुढे फारसे उपयोगी पडत नाहीत. वाफ्यात पाणी साचले की त्याचे शेपटीवाले बीजाणू त्या पाण्यातून पोहत मुळांकडे येतात. मुळांतून पाझरणारी साखर आणि आम्ले त्यांना वाट दाखवतात. तो पेशी मारून खाणारा आहे, म्हणजे त्याच्याविरुद्ध जॅस्मोनेट आणि इथिलीन यांची वाट महत्त्वाची असायला हवी. पुरावाही तसाच आहे. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जॅस्मोनेट बनवू न शकणाऱ्या अरॅबिडॉप्सिसच्या रोपांना पिथियमच्या संपर्कात वाढवले, तेव्हा सुमारे ९० टक्के रोपे मेली. साध्या रोपांपैकी जेमतेम १० टक्के मेली. दुबळ्या रोपांना बाहेरून जॅस्मोनेट दिले तेव्हा त्यांचा बचाव झाला. त्याच वर्षी इथिलीनची सूचना न कळणारी तंबाखूची झाडे अशाच जमिनीतल्या पिथियमला बळी पडल्याचे दिसले. एकाच शत्रूविरुद्ध दोन वेगळ्या वनस्पतींनी तीच साक्ष दिली.

मग हळदीला ओळखीचा आधार मिळतो का? इथे हळदीची खरी अडचण आहे. हळद ही तीन गुणसूत्र-संचांची, ६३ गुणसूत्रांची वनस्पती. तिला बी क्वचितच धरते. म्हणून ती गड्ड्यांनी, बेण्यानेच वाढते आणि हिंगोलीतल्या 'सेलम'च्या शिवारात एकाच झाडाची लक्षावधी रूपे उभी असतात. संकर करून निवड करण्याचा जो मार्ग तुरीला मिळाला, तो हळदीला जवळपास बंद आहे. पण ओळख मुळातच नाही, असे नाही. हळदीचा भाऊबंद कचोरा याच्यातून ओडिशातल्या शास्त्रज्ञांनी 'सीझेडआर-१' हे आतल्या ग्राहीचे जनुक वेगळे काढले आणि ते पिथियमविरुद्ध काम करते असे २०१३ साली दाखवले. २०२१ मध्ये भोपाळच्या 'आयसर' संस्थेने हळदीचा जनुकसंच वाचला, तेव्हा संप्रेरकांच्या सूचना आणि रोग-ताणांशी झुंज यांच्याशी संबंधित जनुकांत उत्क्रांतीच्या खास खुणा आढळल्या. आणि बी क्वचित धरते म्हणजे धरतच नाही असे नव्हे : कोळिकोडच्या मसाला संशोधन संस्थेने काढलेले 'प्रभा' आणि 'प्रतिभा' हे वाण बियांपासून उगवलेल्या रोपांतूनच निवडलेले आहेत. मार्ग अरुंद असला, तरी तो खुला आहे.

ओळख नसते तेव्हा तोलावरच भागवावे लागते, आणि सुरुवातीला पाहिलेल्या दोन झाडांतला फरक इथे समजतो. जनुके तीच, पण एकाच्या मुळाशी पाणी तुंबले. तुंबलेल्या पाण्यात मुळांना प्राणवायू मिळत नाही, बचावाला लागणारी ऊर्जा आटते, आणि झाडातले इथिलीन बाहेर पसरू न शकल्याने आतच साचून भलतीच सूचना देत राहते. कंदमाशीच्या अळीने पाडलेली जखम असली, तर पिथियमला दार आयते मिळते. उष्म्याचाही वाटा आहे. अरॅबिडॉप्सिसमध्ये तापमान २३ वरून २८ अंशांवर नेले की सॅलिसिलिक आम्ल बनवण्याची क्षमता ढासळते, आणि त्यामागचा दुवा २०२२ साली सापडला. मराठवाड्यातल्या पिकांबाबत तेच शब्दशः खरे असेल असे मानता येत नाही, पण तापणाऱ्या हवेत बचावाचा तोल बदलतो, ही गोष्ट पैदासकारांनी विसरू नये. यावर हाताशी असलेले उपाय साधे आहेत : पाण्याचा निचरा होणारे गादीवाफे, ठिबकने मोजके पाणी, निरोगी बेणे आणि बेणेप्रक्रिया, फेरपालट. परभणीच्या विद्यापीठाचे 'बायोमिक्स', म्हणजे ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास यांसारख्या उपयुक्त सूक्ष्मजीवांचे मिश्रण, हळद उत्पादक आवर्जून घेतात. स्यूडोमोनाससारखे मुळांवर राहणारे जिवाणू झाडाची जॅस्मोनेट-इथिलीनची वाट आधीपासून सावध ठेवतात, हे नेदरलँड्समधल्या उट्रेख्त येथे १९९०च्या दशकात सिद्ध झाले. ट्रायकोडर्मा याशिवाय पिथियमशी जमिनीत थेटही झगडतो. अशा सावधगिरीत पीक सतत खर्च करत नाही; हल्ला झाला की लवकर उठते. पिथियमला नेमकी हीच वाट नको असते, म्हणून विद्यापीठाची ही दिशा मला बरोबर वाटते.

या मांडणीवर आक्षेप येतात, आणि ते रास्त आहेत. पहिला असा की रासायनिक बुरशीनाशके काम करतात, मग ग्राही आणि संप्रेरकांचा एवढा ऊहापोह कशाला? मेटालॅक्झिलची आळवणी वेळेवर झाली तर पिथियम खरोखर थांबतो, आणि हाती आलेले पीक वाचवायला ती लागते. पण याच औषधाला बटाट्याचा करपा घडवणाऱ्या, पिथियमच्याच गोतावळ्यातल्या जीवाने १९८०च्या सुमारास युरोपात दाद देणे सोडले. दरवर्षी त्याच आळवणीवर विसंबणे म्हणजे त्याच रस्त्याने जाणे. दुसरा आक्षेप : झाडाला सावध करणारी औषधे जगात आहेत, मग दुकानातल्या 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' बाटल्यांना का हसावे? हसण्याचा प्रश्नच नाही. जपानमध्ये भाताच्या करप्यावर प्रोबेनाझोल १९७५पासून वापरले जाते आणि ते उपयोगी आहे. पण ते एका ठरावीक पिकात, एका ठरावीक रोगाआधी, ठरलेल्या वेळी दिले जाते. कोणत्या शत्रूसाठी, कोणती वाट, कधी उघडते, हे बाटलीवर लिहिलेले नसेल, तर हळदीवर सॅलिसिलिक आम्लाची वाट चेतवून पिथियमविरुद्धची वाट मागे सारली जाण्याचा धोका आहे. शिवाय वाढीला बसणारी कात्री वेगळीच. म्हणून अशा उत्पादनांना आपल्या भागातल्या पिकांवरच्या उघड चाचण्यांचा पुरावा मागणे, हा शेतकऱ्याचा हक्क आहे.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे : एकेका जनुकाच्या प्रतिकाराचा किल्ला कधी ना कधी पडतोच, मग ओळखीवर भर देऊन काय मिळणार? खरे आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस युगांडात गव्हाच्या तांबेऱ्याची नवी जात आली आणि जगभर विश्वासाने वापरले जाणारे एक जनुक निकामी झाले. आपल्या कापसाचा धडाही ताजा आहे. बीटी जनुक झाडाच्या स्वतःच्या प्रतिकाराचे नाही, जिवाणूकडून घेतलेले आहे. तरी नियम तोच लागू झाला. एकाच हत्यारावर सारी भिस्त ठेवली आणि गुलाबी बोंडअळीने ती मोडली. २०१७च्या हंगामात महाराष्ट्राने त्याची मोठी किंमत मोजली. पण यातून निघणारा धडा ओळख सोडून देण्याचा नाही, ओळखींची जोड करण्याचा आहे. हैदराबादच्या संस्थांनी भाताच्या सांबा मसुरी वाणात जिवाणूजन्य करप्याविरुद्ध तीन जनुके एकत्र आणली; त्यातले 'एक्सए-२१' हे पेशीच्या पडद्यावरच्या ग्राहीचे जनुक मुळात आफ्रिकेतल्या रानभातातून आलेले. एका वेळी तिन्ही कुलपे तोडणे रोगकारकाला अवघड जाते. आणि हे काम जनुकांच्या खुणा पाहून साध्या संकरानेच झाले, परक्या जनुकाच्या परवान्याची गरज पडली नाही. चौथा आक्षेप असा की ही सारी माहिती एका रानटी रोपट्यावरची, शेतात तिचा काय उपयोग? तुरीचे जनुक सोयाबीनमध्ये आणि कचोऱ्याचे जनुक पिथियमविरुद्ध कामाला आले, हे त्याचे उत्तर आहे. मूळ यंत्रणा सगळ्या फुलझाडांत सारखीच आहे. तपशील मात्र पिकागणिक तपासावेच लागतात.

हिंगोलीच्या दृष्टीने यातून स्पष्ट दिशा मिळते. राज्य शासनाने २०२२ मध्ये वसमतला बाळासाहेब ठाकरे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले. या केंद्राने केवळ प्रक्रिया आणि विक्रीपुरते न राहता हळदीच्या ओळखीचा प्रश्न हाती घ्यावा. कचोरा, आंबेहळद आणि हळदीचे रानटी भाऊबंद यांचा जिवंत संग्रह करावा. पिथियम मिसळलेल्या भूखंडांत, बदनापूरने तुरीला पारखले तसे, बियांपासून उगवलेली हळदीची रोपे वर्षानुवर्षे पारखावीत. सूक्ष्मजीवांची मिश्रणे आणि संप्रेरकांवर चालणारी औषधे स्थानिक काळ्या जमिनीत, कोरड्या आणि तुंबलेल्या दोन्ही वाफ्यांत, तोलून पाहावीत आणि निष्कर्ष मराठीत शेतकऱ्यांपुढे मांडावेत. हे काम सावकाश होणारे आहे. बदनापूरच्या तुरीलाही वेळ लागला. पण तुरीचे ते वाण आज बांधापलीकडे उभे आहेत, आणि त्या वाणांच्या प्रत्येक बीमध्ये शत्रू ओळखण्याची क्षमता शेतकऱ्याच्या हाती फुकट येते. हळदीच्या शेतकऱ्याला ती अजून मिळालेली नाही. ती मिळेपर्यंत निचरा, निरोगी बेणे आणि मुळाशी राखलेला तोल हाच त्याचा आधार. ती मिळवून देणे ही मात्र एकट्या शेतकऱ्याची जबाबदारी नाही. ती सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या संशोधनाची आहे, आणि तिचा हिशेब वसमतच्या हळद उत्पादकांनी दर हंगामात मागत राहिला पाहिजे.